खोपटातल्या दोन पिशव्या

आमच्या मुळशीत बुरशीला आमंत्रण लागत नाही. पावसाळ्यात ती घरच्या माणसांआधी पाटावर येऊन बसते. चपलांवर चढते, कातडी पट्ट्यावर चढते, भिंतीवरच्या फोटोत शिरते. आमच्या लग्नाच्या फोटोत बायकोला मिशा आहेत, त्या बुरशीनंच दिलेल्या. मी पिरंगुटला कारखान्यात लेथवर होतो तेव्हा जेवणाच्या सुट्टीत शपथेवर सांगायचो, की आमच्या आळीतला एक म्हातारा आषाढात ओसरीला टेकून बसला तो श्रावणातच उठला, आणि उठला तेव्हा टोपीत नेचे उगवलेले आणि पाठीवर गोगलगायींचं बिऱ्हाड. पुण्याकडची पोरं ऐकता ऐकता डबा खायची विसरायची. मग त्यांच्या डब्यातलं मी खायचो.

नोकरी संपली, ऐकणारी पोरं संपली, आणि इकडे बायकोनं घरात बुरशीच पिकवायला काढली.

"अवं, अळिंबी म्हंजी बुरशीच की," अळिंबीच्या, म्हणजे मशरूमच्या, प्रशिक्षणाहून आली त्या संध्याकाळी ती म्हणाली. "पर चांगल्या घरची."

गावानं नाक मुरडलं. रानात उगवतं त्याला आमच्याकडे कुत्र्याची छत्री म्हणतात आणि पोरांना ते हातात धरू देत नाहीत. "कुत्र्याच्या छत्र्या खाऊन कुणाला मारतीस गं?" असं शेजारच्या काकीनं बांधावरून ओरडून विचारलं. पण मुठा नदीच्या अंगाला बंगले झालेत, तिथं शनिवार-रविवार माणसं येतात, ती पांढऱ्या धिंगरी अळिंबीच्या जुड्या हौसेनं न्यायला लागली. पाण्याकाठचा एक हॉटेलवाला दर आठवड्याला टोपली मागू लागला. मग काय, मीही चहाच्या टपरीवर सांगून टाकलं, की आमच्या एका छत्रीखाली परवा शेरडी दोन पिलांसकट पावसाची उभी राहिली आणि तिघंही कोरडी निघाली.

पुढचं घर आम्ही कधीच फरशीचं केलं होतं. मागं मात्र भाताच्या कणग्यांची खोली होती, मातीच्या भिंती, मातीची जमीन. भात आता घरात साठवतं कोण? ती रिकामीच होती आणि भर उन्हाळ्यातही गार असायची. बायकोनं तीच धरली. भाताचा पेंढा बारीक कापायचा, भिजत घालायचा, पिंपात वाफवायचा, मुठीत दाबला तर थेंब गळणार नाही इतका निथळू द्यायचा. मग प्लास्टिकच्या पिशवीत पेंढ्याचा थर, त्यावर अळिंबीचं बी, पुन्हा थर. तोंड बांधून, बारीक भोकं पाडून पिशव्या दोरीला टांगायच्या, एकीखाली एक. थोड्या दिवसांत आतला पेंढा कापूस पिंजून भरल्यासारखा पांढरा होतो. मग पिशवी फाडायची, पाणी शिंपडत राहायचं, आणि छत्र्या बाहेर येतात. त्या खोलीत पांढरं म्हणजे शुभ. हिरवं दिसलं की संपलं.

पहिल्या दोन्ही खेपांना हिरवं कुठं दिसलं नाही. तेवढ्यात दिवाळी झाली, भात झोडून झाला, आणि माझी थोरली बहीण, आक्का, आमच्याकडे राहायला आली.

आक्काला घोटावड्याकडं दिली होती. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तोच सासरची दुभती म्हैस मेली, आणि तिच्या पाठोपाठ दाजी तापानं गेले. सासूनं ओसरीवर बसून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं, की सून पांढऱ्या पायाची निघाली. आक्कानं त्यावर कधी तोंड उघडलं नाही. जन्मभर त्याच घरात राबली, दिराची पोरं वाढवली, आणि कुणाच्या घरी काही शुभ असलं की आपण होऊन मागच्या दाराला जाऊन बसली. मग पुतण्यानं जमीन विकली आणि हिंजवडीच्या अंगाला फ्लॅट घेतला. फ्लॅटमध्ये खोल्या मोजक्या. आक्का गॅलरीत झोपायची, वाळत घातलेल्या कपड्यांखाली. माझ्या बोलण्याला लोक चाळण लावतात हे मला ठाऊक आहे. पण ती गॅलरी मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि तिच्यात फुगवायला जागाच नव्हती.

मी तिला घेऊन आलो. एक बोचकं घेऊन ती आली. ते तिनं कॉटखाली सरकवलं आणि ते काही रिकामं केलं नाही. लुगडं लागलं की गाठ सोडायची, लुगडं काढायचं, पुन्हा गाठ मारायची. बायकोनं कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला, तर आक्का म्हणाली, "राहू दे वयनी. कशाला उगं."

तिला बसून खाणं जमत नव्हतं. फरशी पुसायला बाई येते, स्वयंपाकाला बायको आहे, भांडी दोन. ती नुसती घरभर काम शोधत फिरायची, आणि शेवटी तिला कणग्यांची खोली सापडली. मातीची जमीन! दुसऱ्या दिवशी आम्ही उठायच्या आत ती काकीच्या गोठ्यातून घमेलंभर शेण घेऊन आली आणि खोली सारवून मोकळी झाली.

आक्काच्या हातचं सारवण तुम्ही पाहिलेलं नाही. एकेक अर्धगोल असा ओढायची, की जणू कुणी जमिनीवर मोराचं पीस मिटून ठेवलंय. माशी बसली तर घसरून कंबर मोडून घ्यायची. खोलीला असा काही गारवा आला, उडती धूळ दबली, वास हिरवागार. बायको म्हणाली, "वन्सं, देवघरासारकी केलीत की खोली." आक्का पदरानं तोंड पुसत नुसती हसली. माझ्या घरी आल्यापासून ती पहिल्यांदा हसलेली मी तेव्हा पाहिली. मग दर सोमवारी सारवण ठरूनच गेलं, आणि नव्या पिशव्या टांगायच्या आदल्या दिवशी तर हमखास.

त्या खेपेला पिशव्यांवर हिरवं आलं.

आधी नखाएवढे ठिपके. वाटलं, पेंढ्यातलं एखादं ओलं पान असेल. दोन दिवसांनी तळहाताएवढे झाले, पोपटी, मग गडद, वरून पीठ भुरभुरल्यासारखे. वास असा की पावसात महिनाभर बंद ठेवलेली ट्रंक उघडावी. पांढऱ्याला ते कडेकडेनं खात आत शिरायचं. बायको खोलीतून बाहेर आली आणि पायरीवरच बसली. मी विचारलं तर म्हणाली, "चार गेल्या."

त्या चार आम्ही खोलीत न उघडता तशाच दुसऱ्या पिशवीत बांधल्या, शेताच्या पलीकडच्या कडेला खड्डा केला, चुना टाकला आणि पुरल्या. मी पुढे पिशव्या घेऊन, मागून आक्का फावडं घेऊन. बांधावरून जाणाऱ्या एकानं टोपी काढली. हे मात्र मी पदरचं लावलं; पण काढली असती तरी चुकलं नसतं, अशीच ती वरात होती.

मग मी कामाला लागलो. आधी बी वाईट म्हणून बी बदललं. मग पेंढा वाईट म्हणून पलीकडच्या वाडीतून पेंढा आणला. पिंपाखाली एवढी लाकडं लावली, की पेंढा वाफवला नाही, त्याला अग्नीच दिला. भिंतींना चुना मारला. कडुलिंबाचा धूर केला, तर बायकोनंच मला बाहेर काढलं, "बुरशीआदी आमीच मरू." हात साबणानं धुवायचे, बाहेरचे कपडे बदलून आत जायचं, सगळं झालं. आणि दर सोमवारी आक्का आणखी मन लावून सारवायची. "जागा शुद्ध पायजे," म्हणायची. मीही म्हणायचो, "व्हय आक्का, जरा जाड हात मार."

पिशव्या जातच राहिल्या. दर दोन-तीन दिवसांनी आमची वरात शेताच्या कडेला.

संक्रांतीला काकी वाण द्यायला आली. आक्का नेहमीप्रमाणे मागे स्वयंपाकघरात जाऊन बसली. काकीनं हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, आणि आवाज खाली आणून, म्हणजे शेजारच्या घरात ऐकू जाईल इतका खाली आणून, विचारलं:

"एक इचारू का गं? राग न्हाई ना?"

"इचार की."

"तुज्या छत्र्या नासाया कवा लागल्या?"

"दिवाळीनंतर."

"आन् तुजी नणंद कवा आली?"

बायकोनं हातातला तिळगूळ ताटात ठेवला.

"मी आपलं सांगते, बाई. तिकडं म्हस ऱ्हायली न्हाई, मानूस ऱ्हायला न्हाई. काय काय पाय असत्यात तसं."

"काकी, चा घेनार का?" बायकोचा आवाज असा होता, की चहा कुणी घेतला नसता. काकी निघाली. भिंतीला कान असतात ते आमच्या घरात नव्हते. भिंतीपलीकडे आक्का होती, तेवढं पुरेसं होतं.

पुढच्या सोमवारी आक्कानं शेण आणलं नाही. खोलीकडे फिरकलीसुद्धा नाही. त्या बाजूनं वाळत घातलेले कपडे काढायचे असले तरी घराला वळसा घालून जायची. बायकोनं हाक मारली, तर, "पाय दुकतुया," म्हणाली.

आणि आता ऐका. बुरशी कमी झाली.

टांगलेल्यांतल्या ज्या गेल्या त्या गेल्या, पण नव्या खेपेच्या पिशव्या पांढऱ्या निघाल्या. एखाद-दुसरीला ठिपका, बाकी कापूस. दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. मी त्या पांढऱ्या पिशव्यांकडे बघत उभा होतो आणि मागं वळलो तर दारात आक्का उभी होती. उंबऱ्याच्या बाहेर, चांगली हातभर लांब. पिशव्या बघत होती. ज्या माणसाला जन्मभर एक गोष्ट सांगितली गेली, त्याला तिचा पुरावा मिळाला की जसा चेहरा होतो, तसा तिचा चेहरा होता. रडवेला नाही. शांत.

संध्याकाळी तिनं बोचकं कॉटखालून काढलं.

"कुटं निगालीस?"

"पुतन्याकडं. त्याची आटवन येतीया."

"त्या गॅलरीत?"

"गॅलरीला काय झालं? वारा लई येतो."

मग मी माझं हत्यार काढलं. मी म्हणालो, आक्का, खरं सांगू का, ती बुरशी मी आणली. मी रोज उकिरड्यावरून थेट खोलीत जायचो, चपला घालून, बायकोच्या नकळत. इतकंच नाही, एकदा त्या चपलांना शेणाचा असा गोळा लागला होता की मी चार बोटं उंच दिसत होतो. मी रंगात आलो. आक्कानं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली.

"तिसरीत अस्ताना तू मास्तराला सांगितलंस आपला बा वागानं खाल्ला. आन् बा शाळेच्या दाराशी हुबा, तुला न्यायाला आल्याला."

"ते येगळं, आक्का."

"माज्यासाटी खोटं बोलतुयास ते कळतंय, बाळा. पर नगं बोलू. तुज्या घराचं वाईट माज्यानं बगवनार न्हाई."

माझी जन्मभराची विद्या तिच्यापुढे त्या दिवशी बाद झाली. ज्याच्या प्रत्येक शब्दाला लोक हसतात, त्याला कुणाच्या डोक्यावरचं ओझं उतरवता येत नाही. माझं खोटं ती ओळखत होती, आणि काकीचं खरं मानत होती, कारण काकी कधी गंमत करत नसे.

बायको इतका वेळ दारात उभी होती. ती आत आली, आक्कासमोर जमिनीवर बसली.

"वन्सं, खालच्याच पिशव्या का जात हुत्या?"

"काय?"

"वरच्या रांगेतली एकबी गेली न्हाई. मदल्या थोड्या. खालच्या सगळ्या. तुमचा पाय वाईट असंल तर वरच्या का ऱ्हायल्या? पायाला काय शिडी लागतीया?"

आक्काचा बोचक्यावरचा हात थांबला.

मग बायको सावकाश बोलली. प्रशिक्षणात सांगितलं होतं, शेणखत, उकिरडा, गोठा यांपासून अळिंबी लांब ठेवा, शेणात ही हिरवी जात वस्तीला असते. म्हणून तर आम्ही उकिरडा घरामागून उचलून शेतापलीकडे नेला होता. पायाला लागलेलं शेण आत जाऊ नये म्हणून दारात पाण्याची परात ठेवली होती. आणि त्या परातीत पाय धुऊन आम्ही आत जायचो ते ताज्या सारवलेल्या जमिनीवर! ते शेण आहे हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. यायचं कसं? उकिरड्यावर पडतं ते शेण. हातानं जमिनीवर ओढलं की ते शेण राहतच नाही, त्याची शुद्धी होते. देव बसवायचा तर सारवा, पाहुणा येणार तर सारवा, माणूस गेलं तर सारवा. जन्मापासून हेच बघितलेलं. त्याला कुणी नाव ठेवील?

"जमीन वाळली, पापुद्रं उडालं, ते खालच्या पिशव्यांच्या भोकांत गेलं," बायको म्हणाली. "मला आसं वाटतंय. खरं का खोटं ते पाहू. आन् पायानंच झालं आसंल, तर मी सोता तुमाला यष्टीत बसवून दीन. पर आदी पाहू."

"काय पाहू?"

तेव्हा तिनं सगळा बेत सांगितला. ती म्हणाली, मी खोपटात दोन पिशव्या टांगते. खोपट म्हणजे परसातलं लाकडं ठेवायचं, तिथंही मातीचीच जमीन. खोपट मी सारवणार, माझ्या हातानं. कुंकवाच्या हातानं, असंही ती म्हणाली आणि पटकन जीभ चावली, पण आक्कानं मान डोलावली, तिला ते कळलं होतं. खोपटात वन्संनी पाऊल घालायचं नाही. आणि कणग्यांच्या खोलीत, जिथं नवी खेप आहे, तिथं रोज वन्संनीच जायचं. अनवाणी. हातपाय धुऊन, पाणी शिंपडायला. आम्ही दोघांनी नाही जायचं. फक्त त्यांनी.

"आन् समदं नासलं तर?" आक्का म्हणाली.

"नासंल."

"त्या हाटेलवाल्याकडं लगनाची मोटी मागनी हाय म्हनत हुतीस."

"व्हय. त्याला काय ते सांगन."

त्या खेपेवर बायकोचा सगळा हंगाम टांगलेला होता. ऊन वाढायला लागलं होतं, ती गेली असती तर पुन्हा पावसाळ्यापर्यंत खोली रिकामी. मी तोंड उघडलं, पण तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी ते मिटलं.

आक्का पहिल्या दिवशी उंबऱ्यावर किती वेळ उभी होती! आम्ही ओसरीवर, ती मागे. पाणी शिंपडायच्या पंपाचा आवाज येईना. बायको जागची हलली नाही, मलाही हलू दिलं नाही. शेवटी एकदाचा फुस्स, फुस्स असा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा घामानं निथळत होती, जणू नांगर ओढून आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. जाण्याआधी ती पाय असे घासायची, टाचा, बोटांच्या बेचक्या, घोटे, की मला ते बघवायचं नाही. मातीसाठी कुणी इतकं घासत नाही.

त्या दिवसांत टपरीवर मी काही बोललो नाही. लोकांनी विचारलं, बरं नाही का?

आणि मी चोरून खोपटात डोकवायचो. दोन पिशव्या, जमिनीपासून वीतभर वर. मी जन्मात पुष्कळ गोष्टी मागितल्यात, देवाकडे बुरशी कधी मागितली नव्हती. आता रोज मागत होतो. ये बाई, ये. हिरवी ये, गर्द ये. पण पिशव्या पांढऱ्या व्हायला लागल्या, दोन्ही, सुंदर, लोण्यासारख्या. मनात आलं, रात्रीतून उकिरड्यावरचं मूठभर शेण आणून एका भोकात घालावं, कुणाला कळणार आहे? हात शिवशिवला. पण बायको मला ओळखते. खोपटाला तिनं कडी घातली आणि कडीला कुलूप.

"तुमच्यासाटी न्हाई," म्हणाली. "उंदरांसाटी."

होळीच्या आधीची सकाळ. बायको खोपटाचं कुलूप काढून आत गेली आणि लगेच बाहेर आली. परसात उभी राहून तिनं आक्काला बोलावलं. "आत येऊ नका. दारातून बगा."

आक्का दारात उभी राहिली. मी तिच्या मागे.

एका पिशवीवर तळाशी नखाएवढा ठिपका होता. दुसरीवर दोन, शेजारीशेजारी, आणि एकाची कड पोपटी होऊन पसरायला लागली होती. तीच हिरवी. तेच पीठ.

"ही बगा," बायको म्हणाली. "हितं तुमचा पाय न्हाई. माजा हाय. माजा हात हाय."

मग ती आक्काला कणग्यांच्या खोलीकडे घेऊन गेली. तिथं आक्का रोजच जात होती, पण बघत नव्हती, हे मला तेव्हा कळलं. मान खाली घालून पाणी मारायची आणि पळायची. बायकोनं तिला खालच्या रांगेसमोर बसवलं आणि एकेक पिशवी फिरवून दाखवली. पांढरी. पांढरी. हीबी पांढरी. एकीच्या कापातून कोवळ्या छत्र्यांचा झुबका बाहेर आला होता, बाळाच्या मुठीसारखा.

आक्का तिथंच बसून राहिली, पाय पसरून, आपल्या पावलांकडे बघत. फुटलेल्या टाचा, घासून घासून लाल झालेली बोटं. मला वाटलं आता हसेल. मी हसायला तयारच होतो.

"वयनी," ती म्हणाली. "मग ती म्हस?"

बायकोनं हातातली पिशवी सोडली.

"म्हस मेली ती? तिचंबी आसंच काय आसंल?"

"आसंल, वन्सं," बायको म्हणाली. "चाऱ्यात काय आसंल. घटसर्प आसंल. कुनी पायलं हुतं?"

"न्हाई." मग आक्का अगदी बारीक आवाजात, जणू दाजी पलीकडच्या खोलीत झोपलेत आणि जागे होतील: "आन् त्ये?"

जगातल्या कुठल्याही प्रश्नाला माझ्याकडे एकाला तीन उत्तरं असतात, याला एकही नव्हतं. बायकोनं तिच्या पायावर हात ठेवला. नुसता ठेवला.

"ताप हुता," आक्का स्वतःशीच म्हणाली. "लई ताप हुता त्येंना. गावात ताप हुता तवा. दुसरीबी मानसं गेली हुती." आणि मग, "कुनी पायलंच न्हाई तवा."

ती रडली. सासू मेली तेव्हा, जमीन विकली तेव्हा, गॅलरीत, मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी खोलीबाहेर आलो आणि उगाच पिंपाला पालथं घालून धुवायला लागलो. ते धुतलेलंच होतं.

खोपटातल्या दोन्ही पिशव्या पुरायला त्या दोघी गेल्या. मला येऊ दिलं नाही. परतताना आक्कानं खोलीत जाऊन तो पहिला झुबका पिरगळून काढला, कुणी सांगितलं नव्हतं, आणि टोपलीत ठेवला.

आता कणग्यांच्या खोलीची जमीन चुन्याची आहे. सारवण आक्का सोडत नाही. परस सारवते, खोपट सारवते, तेच मोराचे अर्धगोल, आणि खोलीच्या उंबऱ्याला हातभर अंतर राहिलं की तिचा हात थांबतो. मग हात धुते, नखं धुते, कपडे बदलते आणि आत जाते. तिच्या लुगड्यांना कपाटात कप्पा आहे. बोचक्याचं फडकं बायकोनं पिंपाचं तोंड झाकायला घेतलंय.

काकीला आक्कानं स्वतः जाऊन सांगितलं. शेण न्यायला गेली होती, घमेलं काखेत. मी बांधावर होतो, सगळं ऐकलं. "माज्या हातानं नासलं, काकी, पायानं न्हाई," म्हणाली. "तुज्याच म्हशीचं शेन हुतं." काकीनं घमेल्यात शेणाचे आणखी दोन पो टाकले आणि दुसरंच काही बोलायला लागली.

राहिलो मी. अशी गोष्ट हातात आल्यावर माझ्यासारखा माणूस काय करील? टपरीवर मी पहिल्यांदा सांगितली तेव्हा खोपटात वीस पिशव्या होत्या, आणि बुरशी अशी चढली होती की कुलूपसुद्धा हिरवं झालं होतं. लोक हसून हसून बाकावरून पडले. आक्का दुकानातून साखर घेऊन येत होती. ती थांबली.

"ए बाळा," सगळ्यांसमोर म्हणाली. "दोन हुत्या."

"अगं, बोलायची पद्दत..."

"बाकी काय बी फुगीव. वाग सांग, शेरडी सांग. ही न्हाई. ही तू फुगवलीस तर कुनी खरी धरायचं न्हाई." तिनं साखरेची पुडी बाकावर ठेवली. "दोन पिशव्या हुत्या. एकीवर एक ठिपका, दुसरीवर दोन. सांग आता नीट."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.